कलेजीचा हट्ट

जपानमधल्या आमच्या शिमोनोसेकीत फुगू माशाला फुगू म्हणत नाहीत, फुकू म्हणतात. फुकू म्हणजे सुख. विषारी माशाला असलं नाव देणारे आम्ही लोक. आणि त्यातही माझे सासरे तोकुझो म्हणजे वल्लीच.

फुकू कापायची विद्या मला त्यांनीच दिली. नवऱ्याला, हिदेनोरीला, सुरी हातात धरवेना. तो बंदरावर नोकरीला लागला. मग सासऱ्यांनी आमच्या खाणावळीत मला मासे कापायच्या पाटासमोर उभं केलं. मला फुकू कापायचा सरकारी परवाना मिळाला त्या दिवशी साऱ्या गल्लीला त्यांनी साके पाजली.

आता त्यांना मोतीबिंदू झालाय, हात कापतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा जेवताना ते म्हणाले, "सुमिए, मला फुकूची कलेजी खायचीय."

"बाबा, विष तिथंच तर जास्त असतं."

"ते मी तुला शिकवलं की तू मला? जन्मभर ती विषारी भागांच्या कुलपाच्या डब्यात टाकत आलो. चव काही कळली नाही. आता मेलो तर कुणाचं काय अडणार आहे?"

मी नाही म्हटलं. ते रुसले. सकाळी भाताला हात लावीनात, माझ्याशी बोलायचं झालं तर मांजराशी बोलत. "हिला सांग, म्हाताऱ्याला भूक नाही."

शेवटी मी एक युक्ती केली. कावाहागी म्हणून साधा मासा असतो. त्याची कलेजी वाफवून कापली की तशीच दिसते, आणि बिनधोक खाता येते.

"त्यांना कळेल," हिदेनोरी म्हणाला.

"परवा सुपात दोनदा मीठ पडलं, ते कळलं का?"

दुपारी गिऱ्हाइकं गेल्यावर मी बशी पुढ्यात ठेवली. "घ्या. तुमचा हट्ट."

त्यांनी जेवायच्या काड्या उचलल्या, बशीवर वाकून पाहिलं आणि काड्या खाली ठेवल्या. चेहरा एकदम उतरला.

"खरंच दिलीस?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी काय, उद्या जाणारच आहे. पण पोलीस तुझ्या दारात येतील. परवाना जाईल. असं शिकवलं मी तुला?"

"अहो बाबा, ही कावाहागीची आहे."

"आता माझी समजूत घालू नकोस."

"खरंच सांगते."

"भ्यायलीस म्हणून म्हणतेयस."

काय करणार? मी एक तुकडा उचलून तोंडात टाकला. त्यांनी झडप घालून माझं मनगट धरलं, पण तोवर मी गिळला होता. म्हातारा पांढराफटक पडला.

"थुंक. सुमिए, थुंक."

"गेला पोटात. छान आहे."

त्यानंतर त्यांनी माझा हात सोडला नाही. थोड्या थोड्या वेळानं विचारत, "ओठाला मुंग्या येतायत? जीभ बाहेर काढ. बोटं हलव." मी बोटं हलवत होते आणि हसू दाबत होते. मग पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. तशीच बसून राहिले, ते विचारतील त्याला उत्तरं देत.

संध्याकाळी हिदेनोरी घरी आला तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलेलो. "काय झालं?" त्यानं विचारलं.

"तुझी बायको जिवंत आहे," सासरे म्हणाले आणि मग कुठं त्यांनी माझा हात सोडला.

बशी जवळ ओढून त्यांनी एक तुकडा खाल्ला. बराच वेळ चघळला.

"कावाहागीच आहे की. लिंबू कमी पडलंय."

मी लिंबू आणायला उठले. परत येऊन पाहते तर बशीत एकच तुकडा उरला होता, आणि बाप-लेक, तो कुणी खायचा यावर भांडत होते.