सुगंधाबाईची काळी चार

मी एक जुनी बाजापेटी आहे, मित्रांनो. अंग आलापल्लीच्या सागवानाचं, आतले पितळी सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पात्या, पालिताण्याच्या आणि भात्याला तीन ठिगळं. माझ्या काळ्या पट्ट्यांतली चौथी पट्टी, म्हणजे काळी चार, दाबून बघा. गेल्या महिन्यात चंद्रपूरचे म्हातारे दुरुस्तीवाले दादाजी ती दाबून म्हणाले, "पट्टी चारची, पन हे तर काळी तीन बोलून राह्यली." खरं आहे. मी खोटं बोलते. पूर्वी लाज वाटायची, आता काही वाटत नाही. असं का झालं तेवढं सांगते.

मुखरू पेटीमास्तराने मला वडशाला घेतलं, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगावी बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरतात, आणि शंकरपट म्हटला की नाटक आलंच. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात मी आणि मुखरू. वर त्याची बायको सुगंधाबाई गायची. तेव्हा लोक नाटकाला पदं ऐकायला येत. राग धरून, ताना घेत एकेक पद पाव तास चालायचं, वर वन्समोअर! दिवसभर चिखल तुडवणारी माणसं, पण तान घसरली तर लगेच चुकचुकत. फसवायची सोय नव्हती.

पडदा उघडण्याआधी सुगंधाबाई खाली उतरायची, मला नमस्कार करायची आणि स्वतःच्या बोटाने काळी चार दाबायची. "हे माही," म्हणायची. बाईच्या गळ्याला तो चांगलाच उंच सूर. तिला त्याचा तोरा होता, आणि का नसावा? चार तालुक्यांत तिला "काळी चारवाली बाई" म्हणत.

मग कॅसेटी आल्या. लग्नात, पानठेल्यावर, ट्रॅक्टरवर सिनेमाची गाणी वाजू लागली. पाव तासाचं पद पाच मिनिटांवर आलं. शंकरपटाचे लोक विचारू लागले, "नाच किती आहेत?" मी नाचाच्या चालीही वाजवल्या. पेटीला काय, हात नेईल तिकडे जायचं.

त्याच सुमारास बाईचा गळा उतरू लागला. वय झालं की उतरतोच. तिला कळलं नाही, पण मुखरूला कळलं. वरच्या सुराला जाताना ती आधी श्वास चोरायची. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाई, एक पट्टी खाली घे. मुखरूची छाती झाली नाही. पावसाळ्यात नाटकं बंद असतात. धानाच्या रोवणीतून सवड काढून त्याने मला उघडलं आणि कानस घेऊन एकेक पितळी सूर मुळाशी जरासा घासला. तिथे घासलं की सूर उतरतो. बाईने विचारलं, "काय करून राह्यले अजी?"

"दमट हवेनं बिघडली. साफ करतो," तो म्हणाला.

असं बारा पावसाळे चाललं. तबलजी माझ्याशी तबला जुळवून घ्यायचा, त्यामुळे बोभाटा झाला नाही. बाई दर नाटकाला काळी चार दाबायची आणि झोकात गायची. लोक म्हणत, वय झालं पण गळा जसाच्या तसा! मुखरू मान खाली घालून भाता हलवायचा.

मग नाटक कंपनीने कीबोर्ड आणला. विनोद नावाचा पोरगेला वादक होता, हात चांगला होता त्याचा. दुपारची तालीम होती. बाईने सवयीने कीबोर्डला नमस्कार केला, काळी चार दाबली आणि पद सुरू केलं. कीबोर्डची काळी चार खरी होती. माझ्यापेक्षा एक घर वर. वरच्या षड्जावर बाईचा गळा फाटला. सगळ्यांदेखत. तिने पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला.

विनोद चांगल्या मनाने म्हणाला, "बाई, खाली घेऊ का? एक बटन दाबलं का उतरते."

"नाई," बाई म्हणाली आणि उठली.

मुखरू माझ्याशेजारीच बसला होता. तो बोलला असता तर तेव्हाच निभावलं असतं. नाही बोलला. परतताना एसटीत मी त्याच्या मांडीवर होते. बाई म्हणाली, "अजी, माहा गळा एका दिवसात मेला." त्या दिवसानंतर बाई गायली नाही. नातीच्या पाळण्याशीसुद्धा नाही.

पुढे कीबोर्डही गेला. आता कंपन्या गाणी पेनड्राइव्हवर आणतात, नट नुसते ओठ हलवतात. विनोद राजुऱ्याला मोबाइल दुरुस्त करतो. मी लाकडी माळ्यावर धूळ खात पडले. फक्त दर पावसाळ्यात मुखरू मला खाली काढायचा आणि कानस घ्यायचा. बाईला वाटे, म्हाताऱ्याला चाळा आहे. दोन वर्षांपूर्वी तो वारला.

यंदा नात दिव्यानीने मला खाली काढलं. ती नागपूरच्या एका शिक्षिकेकडून फोनवर शास्त्रीय गाणं शिकते. फोनमध्येच तंबोरा वाजतो, आणि माझा सूर त्याला लागेना. म्हणून ती मला दादाजींकडे घेऊन गेली. त्यांनी सांगितलं, घासलेले सूर परत चढवायला गेलं तर तुटतील. जुने काढून फेकायचे, नवे बसवायचे. "पन आधी घरी विचारून ये," म्हणाले, "कारन हा बिघाड नाई, कोन्या एकाच हातानं जानून केलेलं काम आहे."

घरी बाई लाखोळीची डाळ निवडत होती. दिव्यानीने सगळं सांगितलं. "आजी, आबानं दर वर्षी थोडं थोडं घासलं. शेवटचं तर आता आता. पितळ अजून चमकून राह्यलं."

बाईचे हात थांबले. "मंग तालमीच्या दिवशी..."

"त्या दिवशी काही मेलं नव्हतं आजी. आधीपासूनच उतरत होता तुहा गळा."

बाईने विचारलं, "आन मी गानं सोडल्यावर काऊन घासत होता?"

मला ठाऊक होतं. सकाळी बाई कोंबड्यांना हाक मारायची, तेव्हा मुखरू कान लावून बसायचा. तिचा आवाज आता कुठवर आला ते माझ्या पट्ट्यांवर शोधायचा आणि तेवढी मला उतरवायचा. ती पुन्हा गायला बसली, तर काळी चार तिच्या गळ्याला यावी म्हणून.

बाई हात पुसून माझ्यासमोर बसली. बोटाने काळी चार दाबली. दिव्यानीने भाता धरला. बाईने ते तालमीतलंच पद धरलं आणि वरच्या षड्जाला गेली. गळा कुठेच अडला नाही.

ती रडली नाही. "बराबर आहे," एवढंच म्हणाली. मग नातीला म्हणाली, "तुले नवी पेटी घेऊ. हिले हात नको लावू."

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू बिघडलेली दिसली तर दुरुस्तीला जरूर न्या, पण आधी विचारा, ती कोणासाठी बिघडवली होती. आणि कोणासाठी काही केलं असेल, तर जिवंतपणी सांगून टाका. मुखरूने सांगितलं असतं, तर बाई पंधरा वर्षं आणखी गायली असती. आता ती रोज सकाळी एक पद म्हणते. पुढच्या पावसाळ्यात तिचा गळा आणखी थोडा उतरेल. कानस भिंतीवरच्या खिळ्याला तशीच आहे. मी मात्र आता आहे त्याच सुरावर राहणार.