खालून आलेला ससाणा

ताईंनी टॉवेलची एक घडी उलगडली, मग दुसरी, आणि तिसरीपाशी त्यांचा हात थबकला. आत ससाणा होता. डोळे टक्क उघडे, चोच किंचित फाकलेली, आणि छातीचा भाता असा चाललेला की टॉवेलच श्वास घेतोय असं वाटावं. डाव्या पंखाचं टोक नुसतं लोंबत होतं. ताईंनी ते दोन बोटांत धरून चाचपलं. पाखरांची हाडं सांधण्यात या बोटांची चाळीस वर्षं गेली होती, त्यांना फार वेळ लागला नाही. हा जगेल. उडायचा मात्र नाही.

टॉवेल आणखी जरा सरकला तसं पायातलं, सोडताना त्यांनीच घातलेलं निळं कडं दिसलं. आकडा वाचायची गरज नव्हती, तरी त्यांनी वाचला. सात.

टेबलापलीकडे दिवा धरून उभ्या असलेल्या त्यांच्या भावानेही तो वाचला असावा, कारण दिव्याचा उजेड टेबलावरून घसरून जमिनीवर पडला.

"धाकट्या, उजेड."

पंचावन्न उलटली तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. त्याने दिवा पुन्हा वर धरला.

पाखरू आणणारा माणूस दाराशीच उभा होता, खांद्यावर ड्रोनची पेटी. कारखान्यांच्या उंच धुराड्यांना तडे गेलेत का, हे ड्रोन उडवून बघायचं त्याचं काम. आल्यापासून त्याने चार वेळा सांगितलं होतं की यात आपली चूक नाही, आणि दर वेळी लगेच म्हटलं होतं की चूक आपलीच आहे. ताईंनी त्याला स्टुलावर बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"ससाणा वरून झडप घालतो," तो म्हणाला. "म्हणून तो दिसला की ड्रोन सरळ वर न्यायचा, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. आपण वर असलो की त्याला झडप घालता येत नाही. मी वर नेला."

"मग?"

"तो खालून आला, ताई. पाय पुढे करून, ड्रोनच्या पोटाखाली काही शोधत असल्यासारखा. मी आणखी वर नेला, तो आणखी वर आला. पंख मिटून कोसळणारे मी पुष्कळ पाहिलेत. असा आलेला नाही पाहिला."

ताईंनी पट्टी मागितली. धाकट्याने ती दिली, पण त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईंचा उजवा खांदा धरला. बऱ्या झालेल्या शिकारी पाखराला सोडण्याआधी त्याच्या पंखात बळ आणावं लागतं. त्यासाठी दोरीच्या टोकाला मांस बांधून ती डोक्यावर गरगरा फिरवायची, आणि पाखराने ते झेपावून धरायचं. ताईंना तेव्हा केस विंचरायलाही हात उचलवेना. धाकट्याचं रेडिओ-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने एक ड्रोन जुळवून आणला, त्याखाली लांब दोरी, दोरीला मांस. तुझ्या खांद्याला पेन्शन दिली समज, असं म्हणून त्याने तो अंगणातून पहिल्यांदा उडवला, तेव्हा ताई कितीतरी दिवसांनी हसल्या होत्या.

रोज थोडं वर. काल घराएवढं, आज झाडाएवढं, उद्या ढगाच्या ओटीला हात लागेलसं. पाखरू चढायचं, मांस धरायचं, दोरी सुटायची, आणि ते घास घेऊन अलगद खाली यायचं. तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत होऊ लागलं. अशी अकरा पाखरं त्यांनी उडवली. बघायला येणाऱ्यांजवळ ताई धाकट्याची तारीफ करत, आणि धाकटा लाजून स्क्रू शोधायला लागे. दोरी आपली, मांस आपलं, ड्रोन आपला, हे पाखराला कुठून कळणार, एवढा साधा विचार दोघांपैकी एकाच्याही मनाला शिवला नव्हता. पाखराला कळलं होतं ते इतकंच: घोंघावत वर जाणारं जे काही असतं, त्याच्या पोटाखाली जेवण असतं.

पट्टी बांधून झाली. ताईंनी हात धुतले, ससाण्याला अंधाऱ्या खोक्यात ठेवलं आणि दाखल-नोंदीचा कागद पुढे ओढला. तो माणूस आता कसनुसा झाला. कारखान्याला या कागदाची प्रत हवी होती, तो सांगू लागला. पक्ष्याने हल्ला केला एवढी ओळ लिहून मिळाली की धुराड्यांवरची घरटी काढायला ते मोकळे. तिथे दोन घरटी होती. एकात बहुतेक पिल्लंही होती. त्याला स्वतःला ते पटत नव्हतं, पण त्याचं कोण ऐकणार.

कागदावर 'इजेचं कारण' असा रकाना होता. ताईंनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"कारण माहीत नाही, असं लिही," धाकटा हळूच म्हणाला.

त्याचा आवाज ताईंना ओळखीचा होता. लहानपणी घरातलं घड्याळ उघडून ठेवल्यावर तो असाच बोलायचा. त्या वेळी त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं.

त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं.

"हल्ला नव्हता तो. जेवायला आला होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं: खांदा, दोरी, मांस, रोज थोडं वर. "तुम्हाला शिकवलंय त्याप्रमाणे तुम्ही वर नेलात," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही शिकवल्याप्रमाणे तो मागोमाग आला." सांगताना त्या 'आम्ही' म्हणत होत्या, आणि दर 'आम्ही'ला धाकट्याची मान थोडी खाली जात होती.

तो माणूस आता स्टुलावर बसला. त्याने विचारलं, "असे किती आहेत बाहेर?"

"दहा," ताईंच्या आधी धाकटा म्हणाला.

ताईंनी रकान्यात 'हल्ला नव्हता, जेवायला आला होता' असं लिहिलं, खाली सही केली. पायात निळं कडं दिसलं तर वर जाऊ नका, त्या म्हणाल्या. खाली उतरवा, बंद करा, आणि हे तुमच्या बाकीच्यांनाही सांगा. त्याने मान हलवली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि पेटी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ-बहीण गावाबाहेरच्या टेकडीवर गेले, जिथून ते पाखरं सोडत. धाकट्याने रात्रीतून ड्रोनच्या पात्यांभोवती बारीक जाळीचा पिंजरा बसवला होता. दोरी काढून टाकली होती.

ड्रोन वर गेला. थोड्याच वेळात वीजवाहिनीच्या मनोऱ्यांकडून एक ठिपका निघाला, मोठा झाला, त्याला पंख फुटले. ससाणा ड्रोनखाली आला, पाय पुढे केले. काही नव्हतं. त्याने वळसा घेतला, पुन्हा आला. पुन्हा काही नव्हतं.

"वर नेऊ?" धाकट्याने सवयीने विचारलं, आणि जीभ चावली.

"नको. तिथेच ठेव."

तिसरा वळसा. चौथा.

"असं किती दिवस करायचं, ताई?"

"यायचा थांबेपर्यंत."

ससाणा जवळच्या वाळल्या झाडावर जाऊन बसला. त्याने पिसं नीट केली, एक पाय पोटाशी घेतला आणि दोघांकडे तोंड केलं. रागावल्याची कुठलीच खूण त्याच्यात नव्हती. आज जरा उशीर आहे, एवढंच जणू त्याने समजून घेतलं होतं.