गेटवरच्या ब्राउझरची चहाडी

साजगावच्या त्या कारखान्यात काही बिघडलं की सुरभी आधी माणसावर संशय घ्यायची, मग मशीनवर. कॉम्प्युटरचं सगळं तीच बघायची, म्हणून तिला कुणी टोकतही नसे. या वेळी तिची नजर गेटवरच्या वॉचमन रूपेशवर होती.

कामगारांना नोकरीत कायम व्हायचं तर चौथी पासचा दाखला कंपनीच्या साइटवर चढवायचा, आणि आज शेवटचा दिवस. ऑफिसातून चढवलेले दाखले बिनबोभाट जात होते. ठाकूरवाडीहून कामाला येणाऱ्या बायकांचे रूपेश गेटच्या केबिनमधून चढवायचा, ते झाडून परत येत होते. त्यांच्यातली बुधी तिसऱ्यांदा ऑफिसच्या दारात उभी होती.

"बाय, माजा दाखला खोटा नाय गं. बाहेरून परीक्षा दिलीय मी."

"हिला वाचता येतं होय?" मॅनेजर किशोर साहेब हसले. "दाखले विकत मिळतात. सर्व्हरलापण कळतं."

सुरभीने रूपेशला बोलावून झाडलं, "काय घोळ घालतोस रं?"

"साहेबांनी दाखवलं त्याच फोल्डरातून चढवतो, ताई," तो खाली बघत म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, सुरभीला वाटलं.

मग तिने बुधीचा दाखला दोन्हीकडून चढवला आणि सर्व्हरला काय पोचतं ते स्क्रीनवर घेतलं. ऑफिसचा नवा ब्राउझर फाइलचं नुसतं नाव पाठवत होता. गेटवर अंगठ्याच्या हजेरीसाठी ठेवलेला जुना ब्राउझर फाइल कुठल्या फोल्डरात आहे तो सगळा पत्ताच नावाला जोडत होता, आणि त्यातल्या तिरक्या रेघा सर्व्हरला चालत नव्हत्या. रूपेशला उगाच बोलले, याची तिला लाज वाटली.

तेवढ्यात साहेब स्क्रीनवर वाकले आणि एकदम गडबडले. "तो पत्ता काप. फक्त नाव ठेव. लगेच!"

इतके दिवस बुधीला दारात ताटकळत ठेवणाऱ्या माणसाला आता कसली घाई? सुरभीने पत्ता वाचला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने अक्षरं मोठी केली आणि स्क्रीन दाराकडे फिरवली.

"बुधीमावशी, हे वाचा बरं."

बुधी पुढे आली. काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागली.

"किशोर... साहेब. दिवाळी... आधी... काढायच्या... बायका." बोट शेवटच्या शब्दावर थांबलं. "बुधी."

बुधीने वळून विचारलं, "बराबर वाचलं ना, सायेब?"