रक्ताचा हेसलरॉइड

जगात जेवढे म्हणून हेसलरॉइड आडनावाचे लोक आहेत ते सगळे यॉर्कशरमधल्या या एकाच शेतातून निघाले, हे डेरिक हेसलरॉइडनं खोऱ्यातल्या प्रत्येकाला निदान दोनदा तरी ऐकवलं होतं. कुणीतरी कधीकाळी हेझलची झुडपं तोडून जागा मोकळी केली, त्यावरून जागेला नाव पडलं आणि जागेवरून माणसाला. बाकीचे गेले गिरण्यांत, कॅनडात, नाहीतर मसणात! शेत धरून राहिलो ते आम्ही. डेरिकनं हे सुरू केलं की पबमधले लोक आपापले पेले उचलून दुसऱ्या टेबलावर जात.

म्हणून डेरिक ज्यांचं कूळ होता त्या जमीनदारांच्या इस्टेटीनं शेत विकायला काढलं आणि हेसलरॉइड मंडळानं ते घेतलं, तेव्हा हा गडी नाचायचाच बाकी राहिला. मंडळ म्हणजे देशोदेशीचे आडनावबंधू. दर जूनमध्ये गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून यायचे, डेरिकच्या दाराच्या चौकटीवर हात फिरवून डोळे पुसायचे आणि त्याच्या बायकोच्या, मेव्हिसच्या हातचा केक हाणून परत जायचे. आता मालक झाल्यावर त्यांनी नियम केला : शेत कसणारा रक्ताचा हेसलरॉइडच हवा. थुंकीतला डीएनए तपासून ठरवायचं.

"नाही म्हणून सांग," मेव्हिस म्हणाली. "पुढच्या सप्टेंबरात आपला भाडेपट्टा संपतोय. नसती हौस कशाला?"

"अगं, त्या सगळ्यांत अस्सल निघणार तो मीच!"

"तुझा पणजोबा अनाथाश्रमातून गडी म्हणून आला होता ना इथं?"

"आमच्यातलाच होता तो. लांबचा."

"किती लांबचा?"

"तू गप गं!" डेरिक म्हणाला, आणि मंडळाच्या सभेत भर टाळ्यांच्या कडकडाटात तपासणीच्या नळीत थुंकला. छाती अशी फुगवून, की जणू पदक मिळालंय.

पुढच्या जूनमध्ये मंडळाचे अध्यक्ष ग्लेन हेसलरॉइड त्याला गोठ्यामागं घेऊन गेले. ओंटारिओतले निवृत्त दंतवैद्य, स्वभावानं भला माणूस. भल्या माणसाशी धड भांडताही येत नाही, हीच पंचाईत.

"डेरिक, कसं सांगू... तुमचं रक्त कुणाशीच जुळत नाही. आमच्या बाकी सगळ्यांचं एकमेकांशी जुळतं."

डेरिकला आता उमगलं. या खोऱ्यात माणसाला आडनावानं कोण ओळखतं? ज्या शेतावर राबतो त्याच्या नावानं हाक मारतात. अनाथाश्रमातून आलेल्या जो पणजोबाला लोक हेसलरॉइडचा जो म्हणाले असतील, आणि लग्नाच्या वेळी पाद्रीबुवांनी तेच लिहून घेतलं असेल. त्याला स्वतःचं असं नाव होतंच कुठं!

"अहो, पण पहिल्या माणसाचं तरी काय?" डेरिकचा आवाज चढला. "तो काय रक्तात नाव घेऊन आला होता? इथं राबला म्हणून त्याला हेसलरॉइड म्हणाले! आमचे जो पणजोबाही इथंच राबले. मग तो खरा आणि आम्ही खोटे?"

"ती सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट," ग्लेन हळुवारपणे म्हणाले. "तुम्हाला सहयोगी सभासद करून घेऊ, वर्गणी नाही. पण शेत... माझ्या पुतण्याला फार ओढ आहे हो या मातीची. सप्टेंबरअखेर सोडलंत तर बरं. घाई नाही."

घाई नाही म्हणे! सत्तर वर्षं ज्या घरात काढली ते तीन महिन्यांत सोडायचं.

मेव्हिसला कळलं तेव्हा ती भडकलीच. "पन्नास वर्षं मी हे आडनाव लावतेय, माझ्यात त्याचा एक थेंब नाही. मला कुणी थुंकायला लावलं का? आणि तू, शहाण्या, आपणहून गेलास!" मग तिला त्याचा चेहरा दिसला आणि ती केक कापायला लागली.

दुपारी फोटो काढायची वेळ झाली. दरवर्षी डेरिक मधोमध उभा राहायचा. यंदा तो कुठं उभं राहावं ते न कळून कुंपणाशी थांबला होता. दाराशी शंभरेक माणसं दाटीवाटीनं उभी राहिली आणि ग्लेन कॅमेरा घेऊन त्याच्याकडे आले.

"डेरिक, तुम्ही काढाल का? म्हणजे आमच्यातला कुणी राहून जायला नको." बोलून गेल्यावर त्यांचे कान लाल झाले, पण पुढं केलेला कॅमेरा काही त्यांनी मागं घेतला नाही.

डेरिकनं तो घेतला, डोळ्याला लावला. त्याच्याच दारात हसरे, गोबरे, परके चेहरे, आणि त्यांच्या मागं थेट उंबऱ्यावर एप्रन बांधून, हाताची घडी घालून मेव्हिस. हलायला तयार नाही.

"बाई, जरा बाजूला होता का?" कुणीतरी म्हणालं. मेव्हिसनं त्याच्याकडे असं पाहिलं की तोच बाजूला सरकला. सगळे डेरिककडे वळून बघायला लागले. ऊन डोक्यावर होतं, म्हातारी माणसं उभी होती.

डेरिकला वाटलं, कॅमेरा दगडावर आपटावा. त्यानं तो नुसता खाली घेतला.

"मेव्हिस," तो म्हणाला, "ये बाहेर. आपलं नाही ते."

पन्नास वर्षांत तिनं त्याचं एक म्हणून ऐकलं नव्हतं. आज मुकाट्यानं उतरली, माणसांमधून वाट काढत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. डेरिकनं फोटो काढला.