नाथाजीची काळी फरशी

साळूबाई न्हाणीत घसरून पडली, हात मोडला, तेव्हा घरातल्या कुणीही फरशीकडं बघितलं नाही. सगळ्यांनी सुनेकडं, अंजनाकडं बघितलं. घरात सून असली की चोर शोधायला लांब जावं लागत नाही.

न्हाणी नवी होती. मिलिटरीतनं पेन्शनीत आलेल्या साळूबाईच्या लेकानं, नाथाजीनं ती रहिमतपुरातल्या घरामागं बांधून घेतलेली. केरबा गवंडी सांगत होता, "खडबडीत शहाबादी घाला. पायाला धरती." पण नाथाजीनं नोकरीत साहेबाची न्हाणी बघितली होती. त्यानं सांगलीहून घोटून चकचकीत केलेली काळी कडाप्पा आणली. तोंड दिसायचं तिच्यात. गाव बघायला आलं आणि वाखाणून गेलं. अंघोळ कुणाला करायची नव्हती.

"अंजी त्याल सोडती फरशीवर," साळूबाई मोडका हात गळ्यात बांधून लेकाला म्हणाली. "माझ्या मरणावर टपलीया."

तेलाची बाटली म्हातारीच्या उशाशी गेली. अंजना अंघोळ करून निघाली की साळूबाई आत जायची, फरशीवर बोट फिरवायची आणि हुंगायची. अंजना राखेनं फरशी घासायला लागली, तर म्हणे, "एवढी का घासती? काय पुसतीया?" नाही घासली, तर तेल होतंच. शेवटी अंजनाच्याही मनात आलं, म्हातारी मुद्दाम तर पडली नसेल? घर असं आतनं कुजतं.

मग एकदा अंजनाचाच पाय गेला. तिनं तापलेला बंब धरला म्हणून डोकं वाचलं, तळहात पोळला. त्या दिवशी न्हाणीत तेल नव्हतं. नुसतं पाणी आणि शिकेकाई.

"आवं, फरशी वली झाली की पायाखाली ठरत न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली.

"दगडावर ढकलू नगंस. आई परत पडली तर तुला म्हायेरी मेढ्याला पोचवीन. कायमची."

मेढ्याला आता आईबाप नव्हते. भावजयीच्या चुलीपुढं जन्म काढायचा होता. फरशीवर मात्र नाथाजीनं संशय घेतला नाही, कारण ती त्यानं पसंत केली होती.

दोन दिवसांनी पाट्या-जात्याला छिन्नीनं खळगे पाडून टाकी लावणारी धोंडुबाई गल्लीतनं ओरडत गेली. नाथाजी रानात होता. अंजनानं तिला थेट न्हाणीत नेलं.

"बाई, ह्यो पाटा न्हवं," धोंडुबाई बिचकली. "मालकाला इचारलंसा का?"

"मालक पडल्यावर इचारू. मार टाकी. सगळीकडं."

छिन्नीचा आवाज ऐकून साळूबाई दारात आली आणि बोंब ठोकली. अंजना हलली नाही. संध्याकाळी नाथाजी आला तेव्हा आरशाला देवी आल्यासारखी फरशी झाली होती. त्यानं तिचं गाठोडं अंगणात टाकलं.

"जाते," अंजना म्हणाली. "आधी वल्या पायानं आत हुबं ऱ्हावा."

तो हट्टानं गेला. घंगाळभर पाणी ओतलं, वर शिकेकाईही. टाच दाबली, पाय फरफटवून बघितला. पाय जागचा हलला नाही. तो पाय पुसत बाहेर आला.

साळूबाईनं चांगला हात भिंतीला लावून स्वतःही पाऊल टाकून बघितलं. "न्हाई घसरत," ती म्हणाली. "आज त्याल सोडलं न्हाई हिनं. धाक बसला. ऱ्हाऊ दे तिला, नाथा."

नाथाजीनं सुटकेचा श्वास टाकला. "उचल गाठोडं. आत ये."

"अशी न्हाई येत. फरशी चुकीची हुती म्हना. तुमच्या आईच्या म्होरं."

"अगं, झालं ते झालं."

अंजनानं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि फाटक उघडलं. शेजारची बयाबाई कठड्यावर टेकून बघत होती.

"फरशी चुकीची हुती," नाथाजी खाली बघत म्हणाला.

"कुनी आनली?"

"मी आनली."

अंजना माघारी फिरली. गाठोडं ठेवलं, काथ्या घेतला आणि न्हाणीत बसली. टाकीच्या खळग्यांत साबण साचतो, आता रोज घासावं लागणार होतं.

साळूबाई कठड्यापाशी गेली. "बघितलंस, बया?" ती हळूच म्हणाली. "काय तरी खायला घातलंय हिनं त्येला."