चार चाळीसची मुदतवाढ

घड्याळजींच्या फ्लॅटचा नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता संपणार होता, आणि घड्याळजी मुदतवाढीचा अर्ज घेऊन सरकारी ऑफिसच्या रांगेत उभे राहिले मंगळवारी दुपारी तीनला. आता या माणसाला काय म्हणावं! जन्मभर लोकांची घड्याळं ताळ्यावर आणली आणि स्वतःच्या घराचं मात्र ‘आहे की अजून वेळ’ करत बसले. सोमवारचा अख्खा दिवस कागद शोधण्यात गेला. कपाट पालथं घातलं तेव्हा कुठे पट्टा निघाला, जुन्या स्प्रिंगांच्या डब्याखाली.

घर जाऊन चालणारच नव्हतं, ते बायकोसाठी. चार वर्षांपूर्वी तिची नजर पार गेली, पण त्या फ्लॅटमध्ये ती अजून मालकिणीच्या तोऱ्यात वावरायची. पलंगापासून ओटा चौदा पावलं, तिथून खिडकी तीन, साखरेचा डबा दुसऱ्या फळीवर डावीकडे. परक्या घरात ती भिंती चाचपत फिरली असती, आणि ते घड्याळजींना बघवलं नसतं.

नंबर लागला. साहेबांनी अर्ज उलटून पालटून पाहिला.

“पट्टा दोघांच्या नावावर आहे. बाईंची सही कुठाय?”

“ती घरी आहे, साहेब. तिला दिसत नाही हो.”

“सही इथे, माझ्यासमोर व्हायला हवी. पाचच्या आत. आणि पाच म्हणजे त्या भिंतीवरच्या घड्याळाचे पाच. नियम आहे.”

घड्याळजींनी वर पाहिलं. चार चाळीस. घर बसनं तासाभराच्या वाटेवर. ते बाकावर मटकन बसले ते बसलेच. संपलं सगळं, आता तिला काय तोंड दाखवू, हाच घोर. बऱ्याच वेळानं मान वर केली, तर चार चाळीसच!

मग त्यांना आठवलं. घड्याळ आठ दिवसांच्या चावीचं. बावीस वर्षं दर सोमवारी येऊन ते स्वतः चावी द्यायचे, आणि काल सोमवारी हे महाशय कपाटात डोकं घालून बसले होते.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. टायपिस्टबाईंनी पर्स खांद्याला लावली, भिंतीकडे पाहिलं आणि पुन्हा काढून ठेवली. त्या घड्याळात पाच वाजल्याशिवाय जागचं कुणी हलायचं नाही, असा तिथला शिरस्ता. पूर्वी कुणीतरी पाच मिनिटं आधी उठलं होतं, त्याची चौकशी अजून चालू होती.

शेवटी साहेबच बाकापाशी आले. “घड्याळजी, चावी द्या ना जरा.”

चावी घड्याळजींच्या खिशातच होती. बंद घड्याळासमोर बसायचं म्हणजे त्यांना शिक्षाच, हात नुसते शिवशिवत होते. तरी ते म्हणाले, “देतो की. तिची सही झाली की देतो.”

“अहो, माझी मुलगी दारात ताटकळली असेल!” टायपिस्टबाई कळवळल्या.

“मग आणा माझ्या बायकोला.”

शिपाई गाडी काढून सुसाट गेला.

बाई आल्या त्याच्या हाताला धरून, बोलतच. “अहो, एवढंसं काम, तेही तुमच्या एकट्याच्यानं होऊ नये?”

“बाई,” साहेब म्हणाले, “सहीआधी तोंडी कबुली लागते. अजून पाच वाजलेले नाहीत, असं मोठ्यानं म्हणा.”

“किती वाजलेत?”

“चार चाळीस!” अख्खं ऑफिस एका सुरात.

बाईंचा हात मनगटावर गेला. तिथे घड्याळजींनी खास तिच्यासाठी बनवलेलं घड्याळ होतं, वर काच नसलेलं, बोटांनी काटे चाचपता येतील असं. चार वर्षांत ते अर्ध्या मिनिटानंही चुकलं नव्हतं, आणि घड्याळजींनी हे भेटेल त्याला ऐकवलं होतं. बाईंनी काटे चाचपले. सात वाजून दहा. भुवया वर गेल्या. आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या बाई.

“काय म्हणतंय तुमचं घड्याळ?” साहेबांनी चाचरत विचारलं.

“हे होय? बंडल आहे हो. कधी धड चालतच नाही. पाच वाजलेले नाहीत.”

साहेब पडले कागदाला कागद लावून बघणारे. त्यांनी घड्याळजींकडे वळून विचारलं, “तुमच्या हातचं ना हे? अर्ध्या मिनिटाचा फरक नाही म्हणत होतात.”

चाळीस वर्षांत आपल्या हातच्या घड्याळाबद्दल घड्याळजींनी असं काही उच्चारलं नव्हतं.

“बिघडलंय, साहेब,” ते म्हणाले. “माझ्याच हातून बिघडलं.”

सही झाली, शिक्का बसला. वेळेच्या रकान्यात चार चाळीस. घड्याळजी स्टुलावर चढले, चावी दिली, लंबक हलला.

“काटे तेवढे पुढे ढकला ना,” टायपिस्टबाई म्हणाल्या.

“अजिबात नाही!” साहेब दचकले. “आत्ता तर चार चाळीसचा शिक्का मारलाय.”

झालं! वीस मिनिटं सगळे जागच्या जागी. घड्याळजी बायकोशेजारी टेकले आणि हळूच म्हणाले, “उशीर झाला गं तुला.”

“बसू या हो निवांत,” ती म्हणाली. “घर कुठे पळून चाललंय?”