गाठ कुठल्या किडनीत

डलूथच्या इस्पितळात व्हर्ना लिंडक्विस्ट चाळीस वर्षं स्कॅन वाचत आली होती. इतके स्कॅन, की एकाला एक जोडून अंथरले असते तर अख्खं सुपीरियर सरोवर झाकून वर काठावरची दोन-चार घरंही झाकली गेली असती. पण त्या दुपारी बाई पार पिळून निघाली होती. तेरा पेशंट झाले, हा चौदावा. पायांत गोळे आलेले, आणि डोळ्यांवर स्कॅन आतून दाखवणारं ते जड खोकं. खोकं चढवलं की माणसाच्या पोटात चक्क चालत शिरता यायचं, जणू त्याचंच अंग आपण अंगात घातलंय.

चौदावा म्हणजे ऑरिन हॉगन, जहाजावरचा आचारी. त्याच्या एका किडनीत गाठ होती. ती किडनी उद्या सकाळी काढायची, आणि उरलेल्या एकीवर त्यानं जन्म काढायचा.

व्हर्ना आत शिरली. बरगड्या म्हणजे कोठाराचे वासेच! आतडी अशी, की पोस्टमन आत गेला तर पेन्शनीत निघूनच बाहेर येईल. तिच्या उजव्या हाताला गाठ दिसली, चांगली भोपळ्याएवढी. फोनवर सर्जन मार्सेल थिबोडो खोळंबलेला.

"डावी," ती म्हणाली.

"डावी. लिहिलं. जा आता घरी, म्हातारे."

"म्हातारा तू!"

फोन बंद झाला. व्हर्नानं आखडलेली मान मोडायला वर पाहिलं, आणि मान तशीच वर राहिली. त्याच किडनीच्या डोक्यावर लिव्हर लोंबत होतं, मोठ्या छपरासारखं. लिव्हर उजवीकडे असतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक.

पडद्यावरच्या स्कॅनमध्ये पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. चाळीस वर्षं ती मनातल्या मनात उलटं करून बोलत आलेली. इथं आत पेशंटची उजवी तीच आपली उजवी, उलटं करायचं काही कारणच नव्हतं, पण दमलेल्या जिभेनं सवयीनं केलंच.

"डेल्फीन! मार्सेलला परत लाव."

स्कॅनचं मशीन चालवणाऱ्या डेल्फीननं लावला.

"आता काय, तिसरी किडनी सापडली?"

"चुकले मी. उजवी आहे."

"व्हर्ना, दोन मिनिटांत दोन बाजू. मी कुठली कापू?"

तिला स्वतःच्या तोंडाचाच भरवसा उरला नव्हता. "पोरी, माझा उजवा हात धर. घट्ट. आणि तू पडद्यावर बघ गाठ कुठं आहे, तिथं पेशंटच्या उजव्या बाजूला तसं अक्षर छापलंय. मी बोलेपर्यंत मला काही सांगू नकोस."

डेल्फीननं हात धरला. व्हर्ना तो धरलेला हात पुढं करत एकेक पाऊल टाकत गेली, आणि तोच हात भोपळ्यात शिरला.

"उजवी," दोघी एकदमच म्हणाल्या.

"उजवी," मार्सेल म्हणाला. "डावी खोडली. व्हर्ना, आज तू माझाही जीव घेतला होतास."

फोन ठेवला गेला.

"हात सोडू, डॉक्टर?"

"नको गं इतक्यात. आधी हे डोक्यावरचं काढ. माझे हात वर होत नाहीयेत."